चाका पाळताय? मग या चुका टाळा

चाका चाका, दुकानातल्या भाषेत फ्रॉगमाउथ कॅटफिश, हा गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला मासा. चपटं डोकं, बेडकासारखं रुंद तोंड, लांबी 20 सेंमीच्या आसपास. दिवसभर कुजक्या पानासारखा तळाशी पडून असतो. घोळ इथेच होतो. आजारी पडला तरी कळत नाही आणि धडधाकट असला तरी लोक काडीने ढोसून बघतात. ढोसू नका, कल्ल्यांकडे बघा. ते संथ हलत असतील तर ठीक. भराभर हलत असतील किंवा मासा वारंवार वर येऊन हवा घेत असेल, तर लगेच पाण्यातला अमोनिया (घाणीतून तयार होणारं विष) तपासा. तो शून्यच हवा. नसेल तर तिसरा हिस्सा पाणी बदला, नवं पाणी अँटिक्लोर (नळाच्या पाण्यातलं क्लोरिन घालवणारं औषध) घालून आणि टाकीतल्या तापमानाचंच.

‘गरीब मासा आहे’ म्हणून सोबत गप्पी, टेट्रा सोडले की सकाळी मोजदाद चुकते. स्वतःच्या निम्म्या लांबीचा मासाही तो गिळू बघतो. काटेरी परांचा दुसरा कॅटफिश घशात अडकला तर दोघंही जातात. एकटाच ठेवा.

टाकी उंच नको, पसरट हवी: 90 बाय 45 सेंमीचा तळ, पाणी 30 सेंमी. खाली बारीक, गोल कणांची वाळू 4-5 सेंमी. धारदार खडीवर पोट खरचटतं आणि तिथेच संसर्ग होतो. वर देशी बदामाची गळून वाळलेली, धुतलेली पानं पसरा. फवारणी झालेल्या झाडाखालची नकोत. थंडीत हीटर लावलात तर त्याला जाळीचं आवरण घाला, हा बिनखवल्याचा मासा त्याला टेकून भाजून घेतो. पाणी 22 ते 26 अंश. मे महिन्यात ते 30 च्या वर गेलं तर हवेचा पंप वाढवा, झाकणाऐवजी जाळी टाका आणि पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडा.

बरेच चाका चुकीच्या खाण्यामुळे मरतात. रोज गोल्डफिशची पिल्लं घालणं सोपं, पण त्यांच्यातल्या थायमिनेज या एन्झाइममुळे ब1 जीवनसत्त्व नष्ट होतं. शिवाय बाजारातल्या जिवंत माशांबरोबर रोगही घरात येतात. चिकन, मटणही नको, ती चरबी त्याला पचत नाही. चिलापीची बोटभर पट्टी लांब प्लास्टिकच्या चिमट्यात धरा, दिवा मालवून अर्ध्या तासाने तोंडापासून दोन बोटं लांब हळूहळू हलवा. आधी तोंडाच्या कोपऱ्यातल्या आखूड मिशा किड्यासारख्या वळवळतात, मग एकदम जबडा उघडतो आणि पट्टी गायब. बोटं तिथे ठेवू नका. आठवड्यातून दोनदा पुरे. नवा मासा आठ-दहा दिवस तोंड लावत नाही. घाबरू नका, पण न खाल्लेला तुकडा तासाभरात काढा. खाल्ल्यावर दोन-तीन दिवस त्याला हलवायचं नाही, नाहीतर ओकतो आणि पाणी नासतं.

औषध बाटलीवर लिहिलंय त्याच्या निम्म्याने सुरू करा. तांबं असलेलं तर टाळाच.

टाकी बदलताना जाळं वापरू नका, परांचे काटे गुंततात. डबा बुडवून पाण्यासकट उचला. पाण्याबाहेर काढल्यावर तो ‘चाका-चाका’ असा आवाज करतो, त्यावरूनच नाव पडलं म्हणतात. तुम्हाला तो ऐकू आला, तर डब्यात पाणी कमी पडलंय.