निधीचा अर्ज करताना या चुका टाळा: आशा, अंगणवाडी आणि घरकामगार संघटनांसाठी

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या आशा, अंगणवाडी सेविका, मदतनीस, घरकामगार आणि म्हाताऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या बायांच्या संघटनांचे प्रस्ताव माझ्याकडे ‘जरा नजर टाका’ म्हणून येतात. येतात तेही बहुधा शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री. काम खरं असतं, बाया लढाऊ असतात, आणि अर्ज मात्र त्याच त्या कारणांनी परत येतो. आता तोंडी सांगून कंटाळा आला, म्हणून लिहून टाकतो.

‘पैसा त्यांच्या नावावर आणू, मग आपल्याकडे वळवू’

ही सगळ्यात महागडी चूक. संघटनेकडे परदेशी निधी घेण्याची नोंदणी नसते. ओळखीच्या एखाद्या संस्थेकडे ती असते. मग कुणीतरी शहाणा सुचवतो की पैसे त्यांच्या खात्यात येऊ द्या, ते आपल्याला चेक देतील. २०२० च्या आधी, दोन्हीकडे नोंदणी असेल तर असं करता यायचं. सप्टेंबर २०२० मध्ये परदेशी देणग्यांच्या कायद्यात, म्हणजे ज्याला सगळे एफसीआरए म्हणतात त्यात, दुरुस्ती झाली आणि हा रस्ता बंद झाला. आता आलेली परदेशी रक्कम दुसऱ्या संस्थेला देताच येत नाही, मग तिच्याकडे नोंदणी असो वा नसो. पैसा उतरतो तोही दिल्लीत, संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यात.

खाडीकाठच्या एका तालुक्यातल्या आशांच्या संघटनेचं हेच झालं. बाहेरच्या एका महिला निधीने अनुदान मंजूर केलं, मित्रसंस्थेच्या खात्यात रक्कम जमा झाली, पेढे वाटून झाले. नंतर संस्थेच्या सीएने कागद बघितले आणि एक रुपया पुढे सरकू दिला नाही. बरोबरच केलं त्याने, नाहीतर संस्थेची नोंदणी गेली असती. पण वाडीवाडीत बातमी काय पसरली? ‘संस्थेने आपले पैसे दाबले.’ मोर्चाला एकत्र चालणाऱ्या बाया एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. निधी देणाऱ्यांशी पत्रव्यवहार सुरू राहिला, त्यांचं आर्थिक वर्ष संपलं आणि बरीचशी रक्कम परत गेली. एवढं सगळं एका ‘वळवू’मुळे.

माझी सवय अशी: प्रस्तावाची पहिली ओळ लिहिण्याआधी मी तीन गोष्टी विचारतो. पैसा कुणाच्या नावाने येणार, कुठल्या खात्यात पडणार, आणि बिलावर सही कुणाची? यांची उत्तरं तीन वेगळ्या माणसांकडून तीन प्रकारची आली तर मी लॅपटॉप मिटतो. मित्रसंस्थेकडूनच काम करायचं असेल तर खर्च त्या संस्थेनेच थेट करावा. कार्यकर्तीचा पगार, हॉलचं भाडं, छपाई, सगळं तिच्या नावावर आणि तिच्या हिशेबात. संघटनेच्या खात्यात काही येणार नाही. हे सभासदांच्या बैठकीत मोठ्याने सांगा आणि ठरावाच्या वहीत लिहा.

‘मग आपणच नोंदणी काढू’ म्हणणाऱ्यांसाठी: संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि गेल्या तीन वर्षांत तिने आपल्या मुख्य कामावर १५ लाख खर्च केलेला हवा. दोन महिन्यांत काढून देतो म्हणणारा एजंट भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

आंदोलन लपवणं

आझाद मैदानावर थंडीत झोपलेल्या बाया प्रस्तावात ‘जनजागृती करणारा महिला गट’ होतात. कशाला? कारण कुणीतरी घाबरवलेलं असतं की हरताळ केला म्हटलं की परदेशी पैसा बंद. एफसीआरएच्या नियमांत बंद, हरताळ, रास्ता रोको यांचा उल्लेख आहे हे खरं. पण ६ मार्च २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की सक्रिय राजकारणाशी किंवा पक्षाशी संबंध नसलेली संघटना लोकांच्या प्रश्नासाठी असे मार्ग वापरते, एवढ्यावरून तिला अडवता येणार नाही. तुमची युनियन एखाद्या पक्षाशी जोडलेली असेल तर गोष्ट वेगळी, आणि तेही आधीच सांगून टाकायचं. हक्कांसाठी पैसे देणारे निधी लढणाऱ्यांनाच शोधत असतात. त्यांच्यापुढे शिवणकाम वर्गाचं सोंग घेतलं तर तुम्ही शिवणकाम वर्गवाल्यांच्या रांगेत जाऊन बसता.

याच्या उलट, कंपनीच्या सीएसआरकडे, म्हणजे सामाजिक कामासाठी काढून ठेवलेल्या निधीकडे, मोर्चासाठी पैसे मागू नका. तिथे १२ए, ८०जी (या आयकराच्या नोंदण्या) आणि सीएसआर-१ (हा निधी घेण्यासाठीची नोंदणी) असलेला ट्रस्ट, सोसायटी किंवा कलम ८ ची, म्हणजे नफा न वाटणारी, कंपनी लागते. कामगार संघटना म्हणून नोंदलेली युनियन त्यात बसतच नाही.

बायांचा वेळ फुकट धरणं

हे बजेट बघितलं की माझं डोकं फिरतं. हॉल, बॅनर, चहा-नाश्ता, प्रमुख पाहुण्यांचं मानधन, शाल-श्रीफळ. आणि ज्यांच्यासाठी हा खटाटोप, त्या बायांच्या नावे शून्य! विषय कुठला, तर बायांच्या बिनमोल कामाला मोल मिळावं हा.

मी बजेट एका बाईपासून सुरू करतो. ती खाडीपलीकडच्या वाडीतली आशा आहे असं धरा. सकाळी खाडी ओलांडायची तर (होडी) पकडली, मग वडापची जीप, मग तालुक्याचं ठिकाण. तिला बरेचसे पैसे कामागणिक मिळतात, म्हणजे त्या दिवसाची कमाई बुडाली. घरी अंथरुणाला खिळलेली सासू, मुलगे मुंबईला. सासूजवळ कोण थांबणार? शेजारीण. तिलाही भातकापणी आहे. म्हणून माझ्या बजेटात प्रवास, बुडालेली कमाई, घरी थांबणाऱ्या बाईचा मोबदला आणि सभेच्या जागी मुलं सांभाळायला एक मावशी या ओळी असतात, आणि प्रत्येकीखाली दोन वाक्यांचं कारण. ‘हे कापतील’ म्हणून कार्यकर्तेच आधी कापतात. मागून तर बघा!

परदेशी निधीत प्रशासकीय खर्चाची मर्यादा आता २० टक्के आहे, आधी ती ५० होती. त्यामुळे ऑफिसातला कारकून आणि वाडीत फिरणारी कार्यकर्ती एकाच ओळीत कोंबू नका. आधी सीएकडून वर्गवारी करून घ्या.

बाकीच्या, पटापट

‘सक्षमीकरण’ ही मागणी होत नाही. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत असा निकाल दिला. मग लिहा की तालुक्यातल्या निवृत्त सेविकांची यादी करू, अर्ज भरू, पाठपुरावा करू. घरकामगारांसाठी २००८ चा कल्याण मंडळाचा कायदा आहे, त्याचंही तसंच.

बायांची रोजची २९९ मिनिटं आणि पुरुषांची ९७, हे २०१९ च्या वेळवापर सर्वेक्षणातले घरकामाचे आकडे प्रत्येक प्रस्तावाच्या पहिल्या पानावर असतात. वाचणाऱ्याला ते आता पाठ झालेत. २०२४ चं सर्वेक्षणही येऊन गेलं. एक वाक्य त्यांचं, पुढचं पान तुमच्या वाडीचं.

गणपतीत, शिमग्यात आणि मे महिन्यात कार्यक्रम लावू नका. चाकरमानी घरी आल्यावर कुठली सून सभेला येणार?

धर्मादाय कार्यालयाच्या नोंदीत वारलेले विश्वस्त. निवडणूक झाली की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याची माहिती, द्यायचा असतो. दिलेला नसतो.

वर्गणीची पावती पुस्तकं जपा. सभासद स्वतः काय घालतात, हे विचारलं जातंच.

आजारी म्हाताऱ्यांचे फोटो जोडू नका. त्यांना कुणी विचारलं होतं?

शेवटच्या तारखेची वेळ कुठल्या देशाची आहे ते बघा, आणि अर्ज दोन दिवस आधी टाका. जुलैत आपल्याकडे लाईट किती वेळ असते ते त्यांच्या पोर्टलला ठाऊक नाही. नकार आलाच तर कारण विचारणारा ईमेल त्याच आठवड्यात पाठवा. पुष्कळ जण उत्तर देतात, आणि पुढच्या वर्षीचा अर्ज त्या उत्तरापासून सुरू करता येतो.