विंचचा गिअर तुटला? आधी दाते मोजा
रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या जेटीवर बोटीच्या विंचचा (जाळं ओढणाऱ्या यंत्राचा) गिअर तुटला, तर तुकडे समुद्रात फेकू नका. लेथवाल्याकडे जाण्याआधी दाते मोजा, तुटलेलेही धरून. व्हर्निअरने (बारीक माप घ्यायच्या पट्टीने) बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या आणि त्याला दात्यांची संख्या अधिक २ या बेरजेने भागा. दाते ३०, व्यास ९६, तर ९६ भागिले ३२, म्हणजे मॉड्यूल (दात्याच्या आकाराचं माप) ३. उत्तर २.९५ आलं तर झिजेने आणि खाऱ्या गंजाने टोकं खाल्लीत असं समजा, मॉड्यूल ३च धरा. (दात्यांची संख्या विषम असली तरी माप किंचित कमी भरतं.) तिरक्या दात्यांना हे गणित चालत नाही. जोडीचा गिअरही झिजला असेल तर दोन्ही एकदमच करून घ्या; जुना नव्यालाही खातो.