जुलैत दक्षिणेकडे निघताना: फ्लेक्स टर्बो गाडीची तयारी

ब्राझीलमध्ये साओ पाउलोत राहणाऱ्या आपल्या लोकांना जुलैच्या, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यातल्या, शाळेच्या सुट्टीत दक्षिणेकडच्या सान्ता कातारिना राज्याचे डोंगर खुणावू लागतात. साओ जोआकिम, उरुबिसी, उरुपेमा या भागात हिवाळ्यात पारा शून्याखाली उतरतो, सकाळी गवतावर दहिवर गोठलेलं दिसतं आणि एखाद्या वर्षी बर्फही पडतं. हॉटेल आणि लोकरी कपडे यांची चौकशी सगळे आधी करतात. माझं आग्रहाचं सांगणं असं की, गाडी फ्लेक्स, म्हणजे पेट्रोल आणि इथेनॉल दोन्हींवर चालणारी, असेल तर कोणतं इंधन कुठल्या गावी भरायचं हे आधी ठरवा. बाकीची यादी त्यानंतर.

इथे मी फोक्सवागन टी-क्रॉस २०० टीएसआय डोळ्यांसमोर ठेवली आहे. ही गाडी २०१९ पासून पाराना राज्यात साओ जोझे दोस पिन्याइसच्या कारखान्यात बनते, आणि आपल्या वाटेत कुरितिबा ओलांडताना हेच गाव लागतं. एक लिटरचं तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन, सिलिंडरमध्ये थेट इंधन फवारणारे इंजेक्टर, सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टरवाला ऑटोमॅटिक. पेट्रोलवर ११६ अश्वशक्ती आणि इथेनॉलवर १२८. टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, मात्र दोन्हींवर २०० न्यूटन मीटर, नावातला २०० तोच. फियाट पल्ससारखी दुसरी छोटी टर्बो फ्लेक्स गाडी असली, तरी यातलं बहुतेक सगळं लागू पडेल; पल्सला सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअरांऐवजी पट्टा-पुलीवर चालणारा, गिअरबॉक्स आहे एवढा फरक घाटात लक्षात ठेवा.

निघायच्या दोनेक आठवडे आधी गाडी मेकॅनिककडे न्या, आदल्या दिवशी नको. सुरुवात इंजिन ऑइलपासून. शहरात मुलांची शाळा, बाजार, ऑफिस अशी छोटी छोटी धाव असेल आणि टाकीत कायम इथेनॉल असेल, तर इंजिन पुरतं तापतच नाही आणि ऑइलमध्ये ओलावा साठत जातो. पंपावर मिळणाऱ्या इथेनॉलमध्ये थोडं पाणी मुळातच असतं. ऑइल भरायचं झाकण उघडून आतून पाहा: दुधाळ, पिवळट साय दिसली तर किलोमीटर भरायची वाट न पाहता ऑइल आणि फिल्टर बदलून घ्या. गाडीच्या पुस्तकात ज्या मानकाचा आकडा दिला आहे तेच ऑइल हवं, ‘याच्यासारखंच आहे’ म्हणून दुसरं घालू देऊ नका. टर्बोचा, म्हणजे इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या पंख्याचा, दांडा याच ऑइलवर फिरतो. काही कंपन्यांच्या एक लिटर टर्बो इंजिनांत तर टायमिंग बेल्टही ऑइलमध्ये भिजलेला असतो आणि चुकीच्या ऑइलने त्या बेल्टचे तुकडे सुटू लागतात.

कूलंट नेमक्या प्रमाणात मिसळलेलं आहे का ते विचारा. कुणी उन्हाळ्यात नुसतं नळाचं पाणी ओतलं असेल तर ते काढून टाका, कारण आपण शून्याखालच्या रात्रीकडे निघालो आहोत. बॅटरी जुनी असेल तर तिची चाचणी करून घ्या. ब्रेक पॅड, वायपरचं रबर, समोरचे दिवे हे नेहमीचंच. ऑटोमॅटिकच्या गिअर ऑइलला हातच लावायचा नसतो असं सांगणारे भेटतील. गाडीने ६० हजार किलोमीटर ओलांडले असतील आणि ते कधीच बदललं नसेल, तर मी घाटाआधी जाणकाराकडून बदलून घेईन.

आता इंधन. ब्राझीलच्या पंपावरचं पेट्रोल नुसतं पेट्रोल नसतंच. १ ऑगस्ट २०२५ पासून साध्या पेट्रोलमध्ये ३० टक्के निर्जल इथेनॉल असतं, त्याआधी ते २७ टक्के होतं. दुसऱ्या नळीत इथेनॉल, म्हणजे उसाची किंवा हल्ली मक्याची, जवळजवळ शुद्ध दारूच. फ्लेक्स गाडीत ही दोन्ही कुठल्याही प्रमाणात मिसळा, टाकी रिकामी करायची गरज नाही. लिटरमागे इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी असते, म्हणून इथे सगळे ७० टक्क्यांचा हिशोब करतात. समजा पेट्रोल लिटरला ६ रेआइस (ब्राझीलचं चलन) असेल, तर त्याचे ७० टक्के म्हणजे ४.२०. इथेनॉल ४ ला मिळालं तर ते परवडतं, साडेचारला मिळालं तर पेट्रोल बरं. त्याहून नेमका हिशोब हवा असेल तर इनमेत्रो या सरकारी संस्थेच्या तक्त्यातले आपल्या गाडीच्या मायलेजचे दोन आकडे घ्या, इथेनॉलच्या मायलेजला पेट्रोलच्या मायलेजने भागा, आणि येईल तो आकडा ७० टक्क्यांच्या जागी वापरायला फोनमध्ये टिपून ठेवा.

ऋतूही या हिशोबात आहे. आपल्याकडे कोल्हापूर-सांगलीला गाळप हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालतो. इथल्या मध्य-दक्षिण पट्ट्यात तो एप्रिल ते नोव्हेंबर असतो. जुलै म्हणजे ऐन गाळप, रिबेराओ प्रेतोच्या बाजूचे कारखाने धडाडून चालू असतात आणि साओ पाउलो राज्यात इथेनॉल बहुधा स्वस्त असतं. जसजसे दक्षिणेला जाल तसतसा ऊस मागे पडतो आणि हा फायदा आटत जातो. तेव्हा घरून निघताना टाकी इथेनॉलने भरायला हरकत नाही. टाकी साधारण पन्नास लिटरची आहे. हमरस्त्यावर इथेनॉलवर ढोबळमानाने लिटरला दहा किलोमीटर धरले, तर बीआर-११६ या हमरस्त्यावरून कुरितिबापर्यंतचे सुमारे ४०० किलोमीटर एका टाकीत आरामात होतात.

कुरितिबानंतर पेट्रोल. या मुद्द्यावर मी सगळ्यात जास्त आग्रही आहे. इथेनॉल थंडीत सहज वाफाळत नाही. पंधरा अंशांच्या खाली त्याची वाफ इतकी कमी होते की ठिणगी पडूनही पेट घ्यायला त्रास होतो. जुन्या फ्लेक्स गाड्यांत त्यासाठी बॉनेटखाली पेट्रोलची छोटी टाकी असायची. तुमची दुसरी गाडी तशी असेल तर त्या टाकीतलं शिळं पेट्रोल आधी काढून ताजं भरा. टी-क्रॉसला ती टाकी लागत नाही, कारण थेट सिलिंडरमध्ये मोठ्या दाबाने फवारलेल्या इंधनाचे कण फार बारीक होतात आणि आतली दाबलेली हवा गरम असते. गाडी सुरू होईल, पण शून्याखालच्या पहाटे निव्वळ इथेनॉलवर स्टार्टर रेंगाळणं, सुरुवातीला इंजिन अडखळणं, तापेपर्यंत इंधन जास्त जाणं हे सगळं वाट्याला येतं. पोरंबाळं गाडीत कुडकुडत असताना ते नको.

पेट्रोल कधी भरता यालाही तितकंच महत्त्व आहे. टाकीत काय आहे हे गाडीच्या संगणकाला आपोआप कळत नाही. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर जळून आलेला धूर पाहतो, त्यावरून संगणक मिश्रणाचा अंदाज बांधतो आणि किती इंधन फवारायचं ते ठरवतो. शुद्ध पेट्रोलला जळायला वजनाने साडेचौदा पटींहून थोडी जास्त हवा लागते, इथेनॉलला नऊ पट. फरक मोठा आहे, म्हणून नवं इंधन इंजिनपर्यंत पोचून हिशोब बसेपर्यंत गाडी काही किलोमीटर चालायला हवी. सगळ्यात वाईट वेळ म्हणजे रात्री मुक्कामाच्या गावी पोचून, हॉटेलजवळच्या पंपावर दुसरं इंधन भरून, दोन गल्ल्या पुढे गाडी लावून झोपणं. सकाळी संगणक कालचा हिशोब धरून बसलेला असतो आणि टाकीत इंधन दुसरंच. म्हणून इंधनबदल दिवसाउजेडी, भरपूर रस्ता पुढे असताना करा. कुरितिबाला पोचेपर्यंत टाकी पाव भागाच्या आसपास आलेली असते, ते गाव ओलांडलंत की लगेच पेट्रोल भरा, मग उतरून बीआर-१०१ हमरस्त्याने तुबाराओ गावाच्या दिशेने जाताना गाडी भरपूर चालते आणि घाटाच्या पायथ्याशी येईपर्यंत सगळं जुळलेलं असतं.

महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांसाठी एक सूचना इथेच द्यायला हवी. पुण्यात ५ जून २०२१ रोजी शुद्ध इथेनॉलचे तीन पंप प्रायोगिक म्हणून सुरू झाले, पण आपली नेहमीची पेट्रोल गाडी त्यासाठी बनलेली नसते. इंधनाचे पाइप, रबर, पंप, इंजेक्टर, संगणक हे सगळं फ्लेक्समध्ये वेगळं असतं. इथलं पाहून तिथे प्रयोग करू नका.

पंपावर स्वतः भरायचं नसतं, ब्राझीलमध्ये कायद्यानेच ते काम कामगाराचं आहे. खाली उतरून उभे राहा, कुठली नळी हातात घेतली ते पाहा, मीटर शून्यावर आहे का पाहा आणि पावती घ्या. इथेनॉलच्या पंपाला काचेचं घनतामापक लावलेलं असतं, त्यात इंधन पाण्यासारखं स्वच्छ दिसलं पाहिजे. केशरी झाक दिसली तर भरू नका. केशरी रंग निर्जल इथेनॉलमध्ये मुद्दाम घालतात, म्हणजे त्यात पाणी घालून विकलं तर पकडलं जावं. पेट्रोलची शंका आली तर नळकांड्यातली चाचणी मागायचा ग्राहकाला हक्क आहे: ५० मिलिलिटर पेट्रोलात तितकंच मिठाचं पाणी घालून हलवतात, इथेनॉल पाण्यात उतरतं आणि खालचा थर १५ मिलिलिटरच्या आसपास वाढला तर प्रमाण बरोबर. मागायला संकोचू नका. इथेनॉलमध्ये विषारी मिथेनॉल मिसळल्याची प्रकरणं इथे उघडकीला आली आहेत, त्यामुळे आडबाजूच्या फार स्वस्त पंपाच्या मोहात पडू नये.

सामान बेताचं घ्या, डिकी ३७३ लिटरचीच आहे. चार माणसं आणि भरलेली डिकी असेल तर टायरमधली हवा पूर्ण भाराच्या आकड्याला आणा. तो आकडा इंधनाच्या झाकणाच्या आत किंवा दाराच्या चौकटीवर असतो. हवा थंड टायरमध्ये भरायची, स्टेपनीतही. जॅक, पाना आणि लाल त्रिकोण सामानाच्या तळाशी गाडू नका. बंद पडल्यास त्रिकोण निदान ३० मीटर मागे ठेवायचा असतो. दहा वर्षांखालचं आणि १.४५ मीटर उंची न गाठलेलं मूल मागेच, त्याच्या मापाच्या आसनावर. गाडीचं कागदपत्र फोनच्या ॲपवर असतं, पण डोंगरात नेटवर्क जातं, तेव्हा ते आधीच उतरवून ठेवा. दशम्या, चटणी, गरम पाण्याचा थर्मास घ्या. शाकाहारी असाल तर घाटमाथ्यावर पर्याय थोडे मिळतात.

मग सेर्रा दो रिओ दो रास्त्रो. लाउरो म्युलरकडून वर बों जार्दिं दा सेर्राला नेणारा हा घाट साडेचौदाशे मीटरच्या आसपास पोचतो, अडीचशेहून जास्त वळणांचा. चढताना टर्बोची किंमत कळते, कारण विरळ हवेत साधं इंजिन दमतं आणि टर्बो ती उणीव भरून काढतो. चढावर गिअर सारखा वर-खाली होत असेल तर मॅन्युअलवर घेऊन दुसरा किंवा तिसरा धरून ठेवा. उतरताना तर हे करायलाच हवं: ब्रेकवर पाय टेकून बसलात की ब्रेक तापतात आणि पकड जाते. न्यूट्रलमध्ये कधीही उतरू नका. धुक्यात मंद दिवे, प्रखर नव्हे. रस्त्यावर बर्फ साचलं की घाट प्रसंगी बंद ठेवतात, म्हणून निघायच्या सकाळी चौकशी करा. वर पोचल्यावर मिनिटभर इंजिन चालू ठेवून मग बंद करणं चांगलं. उतारावर उभी करताना आधी हँडब्रेक, मग गिअर ‘पी’वर (पार्किंग), म्हणजे सगळा भार गिअरबॉक्सच्या खुंटीवर येत नाही. साओ जोआकिमची वाइन चाखायची असेल तर गाडी कोण चालवणार ते आधी ठरवा, २००८ च्या कायद्याने इथे एक घोटही चालत नाही.

पहाटे काच गोठली असेल तर गरम पाणी ओतू नका, तडकते. प्लास्टिकची खरवडणी न्या. इंजिन सुरू झाल्यावर दहा मिनिटं उभ्याने तापवायची गरज नाही. थोडं थांबून सावकाश निघा आणि पहिले काही किलोमीटर एक्सलरेटर हलका ठेवा, टर्बोला आणि गिअरबॉक्सला तेच मानवतं.

परतीला कुरितिबा ओलांडून साओ पाउलो राज्यात आलात, टाकी पावावर आली, की पाटीवरचे दोन भाव पाहून इथेनॉलच्या भावाला पेट्रोलच्या भावाने भागा आणि फोनमध्ये टिपलेल्या आकड्याशी ताडून पाहा; त्याहून कमी आलं तर इथेनॉल परवडतं. इथेनॉल भरलंत तर घर अजून शंभर-दीडशे किलोमीटर लांब असतानाच भरा.