अंगाला भासणारी उष्णता कशी मोजावी

हवेचं तापमान ३८ अंश आहे एवढं कळून उन्हात राबणाऱ्याला फारसा उपयोग होत नाही. हवा कोरडी आणि वाहती असेल तर घाम अंगावरच्या अंगावर वाळतो आणि शरीर थंड राहतं. तेच ३८ अंश कोंदट जागी, तापलेल्या भिंतीजवळ असले तर माणूस बघता बघता गळून जातो. तापमान, दमटपणा, वारा आणि उन्हाची धग या चारही गोष्टी एका आकड्यात आणणारा निर्देशांक म्हणजे डब्ल्यूबीजीटी (वेट बल्ब ग्लोब टेम्परेचर, म्हणजे ओल्या बल्बच्या आणि काळ्या गोळ्याच्या थर्मामीटरवरून काढलेलं तापमान). प्रशिक्षणात जवानांना उष्माघात होत होता, म्हणून १९५०च्या दशकात अमेरिकी सैन्यदलांत तो तयार झाला.

त्यासाठी तीन थर्मामीटर लागतात. माणूस काम करतो नेमक्या त्याच जागी, जमिनीपासून साधारण १.१ मीटरवर, म्हणजे उभ्या माणसाच्या पोटाच्या उंचीला ते टांगा. झाडाखाली मोजून उन्हातल्या माणसाचा ताण कळत नाही.

पहिला साधा थर्मामीटर. यावर ऊन पडू देऊ नका, पण हवा खेळती ठेवा.

दुसरा काळ्या गोळ्याचा. १५ सेंटिमीटर व्यासाचा तांब्याचा पोकळ गोळा, बाहेरून चकाकी नसलेला काळा रंग, आणि थर्मामीटरचा बल्ब बरोबर मध्यभागी. हा भर उन्हात हवा. गोळा तापून स्थिरावायला वीस-पंचवीस मिनिटं जातात, घाई केली तर आकडा कमी येतो.

तिसरा ओल्या बल्बचा, आणि खरी काळजी इथेच घ्यायची. बल्बवर स्वच्छ सुती वात चढवा, तिचं टोक डिस्टिल्ड वॉटरच्या भांड्यात सोडा. मोजणीच्या अर्धा तास आधी वात पूर्ण भिजवा. नळाच्या पाण्यातले क्षार वातीवर साचतात, ती कडक होते, पाणी नीट वर चढत नाही आणि आकडा गुपचूप वाढतो. म्हणून वात हाताला कडक लागली की लगेच बदला. या थर्मामीटरला पंखा लावायचा नाही आणि आडोसाही करायचा नाही. तो घामाने भिजलेल्या कातडीच्या जागी आहे, त्याला खरं ऊन आणि खरा वारा लागू द्या.

आता हिशेब. ओल्या बल्बचा आकडा गुणिले ०.७, काळ्या गोळ्याचा गुणिले ०.२, साध्याचा गुणिले ०.१, आणि तिन्हींची बेरीज. समजा आकडे २७, ५० आणि ३८ आले: १८.९ + १० + ३.८ = ३२.७. निम्म्याहून जास्त वाटा ओल्या बल्बचा आहे, कारण अशा उन्हात शरीराची भिस्त घाम वाळण्यावरच असते.

आयएसओ ७२४३ या आंतरराष्ट्रीय मानकात उन्हाला सरावलेल्या माणसासाठी डब्ल्यूबीजीटीच्या मर्यादा आहेत: बसून विश्रांती ३३, हलकं काम ३०, मध्यम २८, जड काम २६. म्हणजे ३२.७ला खोदकाम तर नाहीच, हलकं कामही सलग करू नये. काम सावलीत हलवा, मध्ये विश्रांती घ्या, नाहीतर वेळ बदला.

उन्हाची सवय नसलेल्यांसाठी जड कामाची मर्यादा २३ आहे. टोळीत आजच कामावर आलेला कोणी असेल तर त्याच्यासाठी हाच आकडा धरा.