क्रेडिट युनियनचं कार्ड: अर्ज मंजूर कसा होतो, लिमिट कशी वाढते

अमेरिकेतली क्रेडिट युनियन म्हणजे आपल्या ओळखीच्या शब्दांत सभासदांची पतसंस्था. ठेवीदार हेच मालक आणि कर्ज फक्त सभासदाला. १९३४ च्या फेडरल क्रेडिट युनियन कायद्याखाली चालणाऱ्या संस्थांना सध्या कार्डावर वर्षाला १८ टक्क्यांहून जास्त व्याज लावता येत नाही. मोठ्या बँकांच्या कार्डांवर हाच आकडा सर्रास २० च्या पुढे असतो. (राज्याच्या कायद्याखाली नोंदलेल्या युनियनना ही मर्यादा लागू असेलच असं नाही, तेवढं तपासून घ्या.)

पण व्याज कमी घ्यायचं म्हणजे बुडीत कर्ज सोसायची ताकदही कमी. म्हणून युनियन माणूस पारखून घेते, आणि लहान-मध्यम युनियनमध्ये तर काठावरचा अर्ज अजूनही लोन ऑफिसरच्या टेबलावर जातो. तुमच्या फायद्याची गोष्ट हीच आहे. संगणकाला कागद दाखवता येत नाहीत, माणसाला दाखवता येतात. फक्त क्रम चुकवू नका: आधी सभासदत्व, मग खात्यात खरीखुरी उलाढाल, मग कार्ड, आणि लिमिटचा विषय त्यानंतर.

सभासद होताना

प्रत्येक युनियनचं सभासदत्वाचं क्षेत्र ठरलेलं असतं: एखादी कंपनी, काउंटी, विद्यापीठ, व्यवसाय, संघटना किंवा आधीच्या सभासदाचं नातं. नेव्ही फेडरल ही सैन्यदलं, माजी सैनिक, संरक्षण खात्याचे कर्मचारी आणि त्यांचे कुटुंबीय यांच्यापुरती आहे. पेनफेडचं सभासदत्व कुणालाही घेता येतं. आधी स्वतःच्या एचआरला विचारा, मग घराच्या आसपासच्या युनियन बघा. शाखेत जाऊन बोलता येईल अशी युनियन असेल तर उत्तम, कारण पुढे नकार आला तर तिथला माणूस कामाला येतो.

सभासद होण्यासाठी शेअर खातं उघडावं लागतं. त्यात बहुतेक ठिकाणी ५ ते २५ डॉलर कायम ठेवायचे असतात. ही रक्कम म्हणजे संस्थेतला तुमचा हिस्सा. खातं रिकामं केलं तर सभासदत्वच धोक्यात येतं, म्हणून तिला कधीच हात लावू नका. फेडरल विम्याखालच्या युनियनमधल्या ठेवींना २,५०,००० डॉलरपर्यंत संरक्षण असतं.

इथे लोक दोन ठिकाणी अडखळतात. पहिलं म्हणजे चेक्ससिस्टम्स, म्हणजे जुन्या बँक खात्यांच्या नोंदी ठेवणारी संस्था. जुन्या बँकेत खातं उणे होऊन तसंच बंद पडलं असेल तर ती नोंद इथे दिसते आणि सभासदत्वच नाकारलं जातं, मग क्रेडिट स्कोअर कितीही चांगला असो. हा रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मागवता येतो. दुसरं, काही युनियन नुसतं खातं उघडतानाच हार्ड पुल करतात, म्हणजे क्रेडिट रिपोर्ट अशा तऱ्हेने ओढतात की त्याची नोंद राहते आणि स्कोअर थोडा उतरू शकतो. त्यामुळे आधीच विचारून घ्या: खात्यासाठी हार्ड पुल आहे का, आणि तो कार्डाच्या अर्जालाही चालेल का? चालत असेल तर दोन्ही कामं एकाच पुलमध्ये उरकतात. हार्ड पुल रिपोर्टवर दोन वर्षं राहतो, फायको स्कोअर (कर्ज देणारे बहुधा बघतात तो क्रेडिट स्कोअर) मात्र तो पहिले १२ महिनेच मोजतो.

खातं उघडल्यावर पगाराचा काही भाग तिथे वळवा आणि दोनतीन महिने जाऊ द्या. मंजुरीची हमी यातून मिळत नाही. पण उत्पन्न किती आणि ते किती नियमित येतं, हे लोन ऑफिसरला स्वतःच्याच स्क्रीनवर दिसतं. पुढे निम्मे कागद मागायची वेळ येत नाही.

अर्जाआधीचा महिना

एक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि ट्रान्सयुनियन या तीन ब्युरोंचे (कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांचे) रिपोर्ट अ‍ॅन्युअलक्रेडिटरिपोर्ट डॉट कॉमवरून काढा. दर आठवड्याला फुकट मिळतात. चुकीची नोंद सापडली तर हरकत आताच घ्या, कारण चौकशीला साधारण ३० दिवस लागतात आणि चालू हरकतीसह केलेला अर्ज अडकू शकतो. जुना पत्ता, नावाचं वेगळं स्पेलिंग, वडिलांचं नाव मधल्या नावात कधी पूर्ण तर कधी आद्याक्षराने, याही गोष्टी बघून घ्या. मराठी नावांचं इथे फार होतं, आणि ओळख पटत नाही म्हणून अर्ज थांबतो.

रिपोर्ट फ्रीझ केला असेल, म्हणजे नव्या कर्जदात्याला तो दिसू नये म्हणून बंद करून ठेवला असेल, तर युनियन कोणत्या ब्युरोचा रिपोर्ट ओढते हे फोनवर विचारा आणि तेवढाच फ्रीझ उठवा. ऑनलाइन किंवा फोनवरून सांगितलं की तासाभरात तो उठवणं कायद्याने बंधनकारक आहे, पैसेही पडत नाहीत. फ्रीझ विसरल्यामुळे अर्ज अडकणं हे अगदी नेहमीचं आहे.

स्कोअरबद्दल एक खुलासा. फुकट अ‍ॅपमध्ये दिसतो तो बऱ्याचदा व्हँटेजस्कोअर असतो, म्हणजे फायकोहून वेगळ्या पद्धतीने काढलेला स्कोअर. युनियन फायको ८ (फायकोची एक आवृत्ती) बघत असेल किंवा कार्डांसाठीचा खास फायको, ज्याची पट्टी २५० ते ९०० अशी असते. वीस-तीस गुणांचा फरक दिसला तर घाबरू नका.

आता एका महिन्यात खरोखर बदलता येणारी गोष्ट, म्हणजे लिमिटच्या मानाने वापर. फायकोमध्ये ३५ टक्के वजन वेळेवर भरण्याला आणि ३० टक्के देणं असलेल्या रकमेला असतं. पहिलं घडायला वर्षं लागतात, दुसरं एका स्टेटमेंटमध्ये बदलतं. गल्लत होते ती तारखेत. ड्यू डेटला पूर्ण पैसे भरणाराही रिपोर्टवर कर्जात बुडालेला दिसू शकतो, कारण बँक ब्युरोला साधारणपणे स्टेटमेंट निघालं त्या दिवसाची रक्कम कळवते. समजा लिमिट २,००० आहे आणि स्टेटमेंट १२ तारखेला निघतं. महिन्याभरात ९०० खर्च झाले. तुम्ही पुढच्या महिन्याच्या ७ तारखेला सगळे भरता, व्याज शून्य. तरी रिपोर्टवर ४५ टक्के वापर लागला. त्याऐवजी ९ तारखेलाच ८०० भरून टाका. स्टेटमेंटवर १०० उरतील, वापर ५ टक्के. कार्डं दोनतीन असतील तर एकावरच थोडी रक्कम राहू द्या, बाकीची शून्यावर आणा. नवी रक्कम रिपोर्टवर चढलेली दिसली की मगच अर्ज करा. पैसे भरून दुसऱ्याच दिवशी अर्ज केला तर युनियनला जुनाच आकडा दिसतो.

फॉर्ममधले तीन रकाने

उत्पन्नाचा रकाना: बहुतेक फॉर्म कर कापण्याआधीचं वार्षिक उत्पन्न विचारतात. काही मासिक विचारतात, आणि घाईत तिथे वार्षिक आकडा पडला की अर्ज थेट तपासणीत जातो. बोनस धरायचा असेल तर डब्ल्यू-२ वर (कंपनी वर्षाअखेरीस देते त्या पगार आणि कराच्या पत्रकावर) दिसतो तेवढाच धरा. स्वतःचा व्यवसाय असेल तर उलाढाल नव्हे, टॅक्स रिटर्नवरचा नफा लिहा. सहसा दोन वर्षांची रिटर्न मागतात. वय २१ किंवा जास्त असेल तर जोडीदाराचं जे उत्पन्न तुमच्या हाताशी असतं तेही धरता येतं. २००९ च्या कार्ड कायद्यानंतरच्या नियमांत २०१३ मध्ये तशी दुरुस्ती झाली आहे. घरी असलेल्या नवऱ्याला किंवा बायकोला, एच-४ व्हिसावरच्यांनाही (नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या जोडीदारांनाही), याचा मोठा आधार आहे. संयुक्त खात्याचं स्टेटमेंट जवळ ठेवा. २१ च्या आतल्यांना मात्र स्वतःचंच उत्पन्न दाखवावं लागतं. आणि आकडा फुगवू नका. फेडरल विम्याखालच्या युनियनला कर्जासाठी जाणूनबुजून खोटी माहिती देणं हा फेडरल गुन्हा आहे.

घरखर्चाच्या रकान्यात तुमच्या वाट्याचं भाडं लिहा. घर तिघांत असेल तर पूर्ण भाडं लिहून स्वतःचंच गणित बिघडवू नका. हे गणित असं मांडतात: महिन्याचं उत्पन्न ६,००० डॉलर, भाडं १,८००, गाडीचा हप्ता ४२०, कार्डांची किमान देणी ८०. बेरीज २,३००, म्हणजे उत्पन्नाच्या ३८ टक्के. साधारण ४० च्या पुढे गेलं की हात आखडता घेतला जातो, नेमकी रेषा प्रत्येक युनियनची वेगळी. एखादं छोटं कर्ज फेडून ८०-१०० डॉलरचा हप्ता संपवता येत असेल तर अर्जाआधी संपवा.

नोकरीच्या रकान्यात नोकरी बदलून महिनाच झाला असेल तर ऑफर लेटर आणि पहिली पे स्टब (पगाराची पावती) सोबत द्या. व्हिसावर असाल तर युनियन वास्तव्याची मुदत विचारू शकते, कायद्याला ते मान्य आहे. आय-९४ ची (अमेरिकेत राहण्याच्या परवानगीच्या नोंदीची) तारीख जवळ आली असेल तर मुदतवाढ हातात आल्यावरच अर्ज करणं शहाणपणाचं. सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर आयटिन (कर भरण्यासाठी मिळणारा नंबर) स्वीकारणाऱ्या युनियन आहेत, सगळ्या नाहीत.

काही फॉर्म हवी ती लिमिटही विचारतात. उगाच १५,००० लिहू नका. तुमच्या सध्याच्या सर्वांत मोठ्या कार्डाच्या आसपासचा आकडा लिहा. प्राथमिक चाचपणी सॉफ्ट पुलने (स्कोअरला धक्का न लावणाऱ्या तपासणीने) होत असेल तर ती आधी करा. अमेरिकेतला इतिहास अगदीच नवा असेल तर शेअर-सिक्युअर्ड कार्ड घ्या: तुमच्याच खात्यातले ५०० डॉलर अडकवले की साधारण ५०० ची लिमिट. नंतर ते साध्या कार्डात बदलतात का, हे घेतानाच विचारा. बदलत नसेल तर पुढे नव्याने अर्ज, म्हणजे नवा हार्ड पुल.

नकार आला तर

पूर्ण अर्जावर ३० दिवसांत निर्णय कळवावा लागतो आणि नकाराची कारणं लेखी द्यावी लागतात किंवा ती मागण्याचा तुमचा हक्क तरी सांगावा लागतो. रिपोर्टवरून नकार असेल तर वापरलेला स्कोअर आणि ब्युरोचं नाव पत्रात असतं, आणि ६० दिवसांत त्या ब्युरोकडून रिपोर्ट फुकट मागवता येतो. पत्र फेकू नका, ते नीट वाचा. ‘उत्पन्नाची पडताळणी झाली नाही’ असं कारण असेल तर नुसता कागदांचा प्रश्न आहे: शेवटच्या दोन पे स्टब घेऊन शाखेत जा. ‘उत्पन्नाच्या मानाने देणी जास्त’ असेल आणि एखादं कर्ज फिटूनही रिपोर्टवर दिसत असेल तर फेडल्याचं पत्र दाखवा. ‘इतिहास अपुरा’ असेल तर वाद घालून उपयोग नाही, सिक्युअर्ड कार्डाकडे वळा.

फोनवर सरळ म्हणा: अर्जाचा फेरविचार हवा आहे, लोन ऑफिसरशी बोलायचं आहे, आणि त्यासाठी पुन्हा हार्ड पुल होणार का? मागितल्यापेक्षा कमी लिमिटचा देकार आला तर बहुतेक वेळा तो घ्यावा. हजार डॉलरचं कार्डही दारातलं पाऊल असतं, आणि लिमिट वाढवून घेणं नव्या अर्जापेक्षा सोपं.

लिमिट वाढवून घेताना

सहा महिने वेळेवर भरणा झाल्याशिवाय विचारू नका, बऱ्याच युनियनचा नियमही तसाच असतो. कार्ड वापरात हवं. ड्रॉवरमध्ये पडून राहिलेल्या कार्डाची लिमिट वाढवायला युनियनला कारण नसतं, आणि दर महिन्याला काठोकाठ भरून किमान रक्कमच भरली तर तिला भीती वाटते. भरपूर वापरा आणि पूर्ण भरा.

मागणीआधी प्रोफाइलमधलं उत्पन्न ताजं करा. पगारवाढ झाली आणि युनियनकडे दोन वर्षांपूर्वीचा आकडा पडून आहे, एवढ्यावर मागण्या फेटाळल्या जातात. हार्ड की सॉफ्ट हे मागणीचं बटण दाबण्याआधी विचारा. एकाच युनियनमध्ये ऑनलाइन मागणीला एक नियम आणि शाखेत दुसरा असू शकतो. रक्कम ठरवताना सध्याच्या दीडपट ते दुप्पट मागणं सहज पटतं. ३,००० चे थेट २०,००० मागितले तर अर्ज नव्यासारखा तपासला जातो.

युनियन एका सभासदाला विनातारण एकूण किती द्यायचं हेही बघते. तुमचं पर्सनल लोन तिथेच चालू असेल तर कार्डाची लिमिट त्यामुळे अडू शकते. लोन कमी झालं की पुन्हा विचारा. दोन कार्डं असतील तर एकाची लिमिट दुसऱ्यावर सरकवून द्या म्हणावं, यात नवी जोखीम नसल्याने होकार सोपा. आणि घराच्या कर्जाची बोलणी सुरू असतील तर हा विषय क्लोजिंग (घराचा व्यवहार पूर्ण) होईपर्यंत बंद ठेवा.

सहीआधी वाचायचं एक कलम

एरवी कार्डाची थकबाकी तुमच्या ठेव खात्यातून परस्पर वळती करायला फेडरल नियमांनी बंदी आहे. पण तुम्ही स्वतः सही करून खातं तारण दिलं असेल तर ती लागू होत नाही, आणि युनियनच्या करारात हे तारण अनेकदा असतं. शेअर खात्यांवर तारण-हक्क देत असल्याचं वाक्य शोधा. त्याच्या शेजारी वेगळी सही किंवा आद्याक्षरं मागितलेली असतात. गाडीचं कर्जही तिथलंच असेल तर त्या करारात गाडी ‘इतर सर्व देण्यांसाठीही’ तारण आहे का ते बघा. असेल तर गाडीचे हप्ते फिटले तरी कार्ड थकलेलं असताना टायटल (गाडीच्या मालकीचा कागद) अडकून राहू शकतं. निवृत्तीची खाती साधारणपणे यातून वगळलेली असतात. हे कलम काढून मिळत नसेल तर कार्ड घ्या, पण अडीअडचणीची शिल्लक दुसऱ्या संस्थेत ठेवा आणि या युनियनमध्ये शेअरची रक्कम व पगाराचा वळवलेला भाग एवढंच राहू द्या.