छोट्या जातीचं घाबरट, अवखळ पिल्लू: शांत कसं करायचं, शिकवायचं कसं

पॉमेरियन असो, शित्झू असो, मिनिएचर पिन्शर नाहीतर डॅक्सहुंड, पिल्लू घरी आलं की दोन-चार दिवसांत सगळ्यांची तक्रार तीच, एवढ्या उड्या का मारतंय, हाताला का चावतंय, बेल वाजली की थरथरतंय काय आणि भुंकत काय सुटतंय. आणि शेजारपाजारचे सल्लाही एकच देतात, त्याला पळव, दमव, दमलं की गप बसेल. मला हे अजिबात पटत नाही. दोन-तीन महिन्यांचं पिल्लू दिवसाचे 18 ते 20 तास झोपतं, झोपायलाच हवं, आणि आपल्या घरात त्याला एवढं झोपू देतो कोण? मुलं शाळेतून आली की उचलतात, पाहुणे आले की उचलतात, आजी टीव्ही लावते, मग संध्याकाळी सातच्या सुमारास ते सोफ्याभोवती गोल गोल धावायला लागतं, पायजमा पकडून ओढतं, आणि आपण म्हणतो काय एनर्जी आहे बघ. ती बऱ्याचदा एनर्जी नसते, पेंगुळलेलं लहान मूल किरकिर करतं ना तसलाच प्रकार असतो.

म्हणून ट्रेनिंगच्या आधी झोप. साधारण तासभर जागं, त्यात शी-शू, खाणं, थोडं खेळणं, दोन मिनिटं शिकवणं, आणि मग दीड-दोन तास झोप, दिवसभर हेच चक्र. त्याला स्वतःचा कोपरा द्या, घरातल्या ये-जा होणाऱ्या वाटेवर नको, पंख्याचा वारा लागेल असा, कारण एप्रिल-मेमधली आपली दमट गरमी पग आणि शित्झूसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना फार त्रास देते. प्लेपेन, म्हणजे पिल्लासाठीचं छोटं कुंपण, घेतलं तर उत्तम, नाहीतर मोठा पुठ्ठ्याचा खोका आडवा ठेवून आत जुनी चादर घातली तरी चालतं. एकच नियम कडक पाळा, पिल्लू त्या कोपऱ्यात असताना कुणी हात लावायचा नाही, मुलांनी तर नाहीच. शिक्षा म्हणून तिथे कधीही कोंडू नका.

आता घाबरण्याचं. छोट्या कुत्र्याची भीती लोकांना गंमत वाटते, याचं मला खरंच वाईट वाटतं. लॅब्रॅडॉर गुरगुरला तर सगळे मागे सरतात, पण दीड किलोचं पॉम गुरगुरलं की हसतात, व्हिडिओ काढतात आणि मुद्दाम आणखी जवळ जातात. पिल्लू त्याआधी किती वेळा सांगत असतं बघा, जीभ ओठांवरून फिरवतं, झोप आलेली नसताना जांभया देतं, मान वळवतं, एक पाय उचलून धरतं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसायला लागतो, शेपूट पोटाखाली जाते. यातलं काही दिसलं की समोरचा माणूस थांबला पाहिजे किंवा आपण पिल्लाला घेऊन लांब गेलं पाहिजे. हे सगळं कुणी ऐकलंच नाही की ते सरळ चावायला शिकतं, कारण तेवढंच लोकांना कळतं. पाहुण्यांना सांगताना लाजू नका, खाली बसा, त्याच्याकडे बघू नका, डोक्यावरून हात फिरवू नका, ते आलं तर छातीजवळ खाजवा, नाही आलं तर राहू दे.

भुंकण्याची सवय मोडायला गोव्यात आपल्याकडे एक फुकटचा आणि वेळेवर येणारा धडा आहे, तो म्हणजे पदेर, दारोदार पाव विकणारा. सकाळी आणि संध्याकाळी सायकलवरून भोंगा वाजवत पों पों करत येतो, आणि बहुतेक घरांतली छोटी कुत्री त्याच्यावर जीव तोडून भुंकतात. पिल्लाच्या बाजूने विचार करा, तो आला, मी भुंकलो, तो निघून गेला, म्हणजे मी त्याला पळवला. रोज दोनदा त्याचा हा विजय होतो, मग सवय पक्की होणारच. तर करायचं काय, उकडलेल्या चिकनचे तांदळाएवढे तुकडे आधीच वाटीत काढून ठेवायचे आणि पदेराच्या वेळी पिल्लाला घराच्या आतल्या खोलीत घेऊन बसायचं. भोंगा लांब, दुसऱ्या वाड्यावर वाजतोय, पिल्लाने फक्त कान टवकारलेत, लगेच तुकडा. परत वाजला, परत तुकडा. ते भुंकायच्या आधी द्यायचा, आणि काही येत नसेल, बसत नसेल तरी द्यायचा, इथे बक्षीस वागण्याचं नाही, भोंगा म्हणजे चिकन एवढंच त्याच्या डोक्यात बसवायचंय. काही दिवसांनी भोंगा ऐकून ते तुमच्या तोंडाकडे बघायला लागेल, तेव्हा एक खोली पुढे या, मग दारात, मग बाल्कांवात म्हणजे पुढच्या ओसरीवर, मग गेटापासून थोडं आत. मध्येच भुंकलं तर ओरडू नका, तुम्ही ओरडलात की त्याला वाटतं घरातले पण भुंकताहेत, गुपचूप पुन्हा मागच्या अंतरावर जा. पदेराला सांगून ठेवा की त्याच्याकडे बघू नको, हाक मारू नको, एवढं कुणीही ऐकतं. हीच पद्धत मासेवालीला, स्कूटरला, बेलला, मिक्सरला, सगळ्याला लागू पडते.

बाहेरचं जग दाखवायला उशीर करू नका. साधारण तीन ते चौदा आठवड्यांचा काळ असा असतो की जे दिसेल ते पिल्लाला नॉर्मल वाटतं, नंतर नवीन गोष्ट म्हणजे आधी संशय. पण लसी पुऱ्या व्हायच्या असतात आणि पार्वो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा व्हायरस मातीत महिनोन्महिने टिकतो, त्यामुळे तोवर जमिनीवर सोडायचं नाही, कुशीत किंवा झोळीत घेऊन फिरवायचं. शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराच्या कडेला, गर्दीपासून लांब पाच मिनिटं उभं राहा, फेरीबोट धक्क्याला लागताना-सुटताना लांबून दाखवा, आणि परत या. सहा ते आठ आठवड्यांपासून पहिला डोस, मग तीन-चार आठवड्यांनी पुढचे, साधारण सोळा आठवड्यांपर्यंत, आणि रेबीजची लस तीन महिन्यांच्या आसपास, नेमकं वेळापत्रक डॉक्टर देतील. मिशन रेबीज या संस्थेने गोव्यात भटक्या कुत्र्यांना लस देण्याचं मोठं काम केलंय, तरी आपल्या पिल्लाची लस चुकवायची नाही. मिरामारला किंवा कळंगुटला किनाऱ्यावर नेणार असाल तर अगदी सकाळी न्या, दुपारी वाळू पंजे भाजते, आणि तिथे भटक्या कुत्र्यांचे कळप असतात, एकदा घेरलं गेलं तर लहान पिल्लाच्या मनातून ते लवकर जात नाही. गळ्यात पट्टा नको, छातीभोवती बसणारा हार्नेस घ्या, पॉम, चिवावा यांची श्वासनलिका नाजूक असते आणि ही पिल्लं ओढतात फार.

आवाजांची तयारी सीझनच्या आधी करावी लागते. जूनमध्ये ढगांचा गडगडाट, मग चवथीचे फटाके, मग दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासुराच्या पुतळ्यांपुढे रात्रभर म्युझिक, फेस्तांचे म्हणजे चर्चच्या सणांचे फटाके वेगळेच. फटाक्यांचं रेकॉर्डिंग मोबाईलवर अगदी बारीक लावा, एवढं बारीक की पिल्लू फक्त मान वळवेल, आणि त्याबरोबर खाऊ, मग कित्येक दिवसांत हळूहळू आवाज वाढवा. प्रत्यक्ष रात्र आली की खिडक्या बंद, पंखा फुल, आतली खोली, आणि ते तुमच्याजवळ आलं तर खुशाल जवळ घ्या. जवळ घेतलं की भित्रं होतं असं लोक सांगतात, त्यात तथ्य नाही, भीती ही काय युक्ती नव्हे की बक्षीस मिळालं म्हणून वाढेल.

शिकवताना घरातल्या सगळ्यांनी शब्द एकच वापरायचा, बस म्हणजे बस. तुकडा नाकासमोरून वर डोक्याकडे न्या, मान वर गेली की ढुंगण आपोआप टेकतं, त्याच क्षणी शाबास आणि तुकडा. दोन मिनिटांत थांबायचं. हाताला चावलं तर हात झटकू नका, झटकला की तो खेळ होतो, खेळणं तोंडात द्या, तरी चावतंय तर उठून अर्धा मिनिट लांब जा, आणि वारंवार होतंय तर घड्याळ बघा, झोपेची वेळ टळलेली असणार. पावसात बाहेर नेता येत नाही तेव्हा शूसाठी बाल्कांवात कृत्रिम गवताचा किंवा वर्तमानपत्राचा एक कोपरा ठरवा, उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर लगेच तिथे.

डोक्याला काम दिलं की अंगातली रग पण उतरते, पळवण्यापेक्षा लवकर. जुन्या टॉवेलच्या घड्यांत जेवणाचे दाणे लपवा, हुंगून हुंगून काढेल आणि मग आपणच झोपेल. ताटलीला साधं दही फासून दिलं तर चाटता चाटता शांत होतं. काजू देऊ नका, कच्च्या काजूच्या टरफलाचं तेल तर भाजतं, बागायतीत फिरवताना लक्ष ठेवा. द्राक्षं, मनुका, चॉकलेट, कांदा, लसूण हे विषारी.

एकटं राहायला शिकवायचं ते सेकंदांपासून, दार लावलं, उघडलं, परत आलात, काही झालंच नाही असं वागायचं, मग एक मिनिट, मग पाच. कामावर जायला लागल्यावर पहिल्या दिवशीच चार तास एकटं ठेवणं त्याला झेपत नाही.

एक गोष्ट मात्र घरी निस्तरायची नाही. एकदम लहान जातीच्या पिल्लाची जेवणाची वेळ चुकली तर रक्तातली साखर घसरू शकते, म्हणून दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं द्या, आणि थरथर, गळून जाणं, झोकांड्या दिसल्या तर त्याला घाबरलंय समजून थोपटत बसू नका, हिरड्यांना थोडा मध लावा आणि तडक डॉक्टरकडे न्या. तसंच महिना-दीड महिना नीट मेहनत घेऊनही पिल्लू खात नसेल, लपून राहत असेल, अंगावर हात पडला की किंचाळत असेल तर दुखणं आहे का ते तपासून घ्या, गुडघ्याची वाटी सरकणं किंवा कानाचं दुखणं बाहेरून दिसत नाही. शांत करायच्या गोळ्या लागल्याच तर त्या डॉक्टर ठरवतील, घरातली पॅरासिटामोल किंवा आयबुप्रोफेन चुकूनही देऊ नका.