होडीतल्या चार्टप्लॉटरला लॅपटॉप जोडताना

शिडाच्या होडीत चार्टप्लॉटरचा, म्हणजे समुद्री नकाशावर होडीची जागा दाखवणाऱ्या यंत्राचा, पडदा सुकाणूपाशी असतो आणि मार्ग आखायचं काम केबिनमधल्या टेबलावर चालतं. जागा, वेग, खोली, वारा आणि एआयएसवरची (जहाजं रेडिओवरून आपली ओळख आणि जागा कळवतात ती यंत्रणा) जहाजं हे सगळं लॅपटॉपवर ओपनसीपीएन या नकाशाच्या प्रोग्राममध्ये दिसू लागलं की हे काम फार सोपं होतं. ओपनसीपीएन फुकट आहे आणि लागणारं सामानही थोडंच आहे. घोटाळा बहुतेक वेळा वायरींच्या जोडीत नाहीतर डेटाच्या वेगाच्या आकड्यात होतो. म्हणून एक क्रम पक्का ठेवा: आधी लॅपटॉपला फक्त ऐकू द्या. बोलायची परवानगी नंतर, दोन-चार फेऱ्या नीट पार पडल्यावर.

सुरुवात प्लॉटरच्या पाठीमागून करा. टोकं मोकळी असलेल्या रंगीत बारीक वायरी बाहेर आल्या असतील तर ते एनएमईए ०१८३, म्हणजे होडीवरच्या यंत्रांनी एकमेकांशी बोलायची जुनी पद्धत. फिरवून घट्ट करायचा पाच पिनांचा गोल कनेक्टर असेल तर एनएमईए २०००, म्हणजे नवी पद्धत. बऱ्याच प्लॉटरना दोन्ही असतात. नावं भावंडांसारखी असली तरी दोघांच्या विजेच्या खुणा वेगळ्या आहेत. एकाची वायर दुसऱ्याला लावून काहीच मिळत नाही.

०१८३ ची जोडणी

यात एका जोडीवर एकच यंत्र बोलतं, बाकीची ऐकतात. प्लॉटरच्या चार वायरी असतात: पाठवणाऱ्या टीएक्स-ए आणि टीएक्स-बी, ऐकणाऱ्या आरएक्स-ए आणि आरएक्स-बी. कुठला रंग कशाचा हे त्या मॉडेलच्या पुस्तिकेतच पाहा, दुसऱ्या होडीवरच्या रंगांवर विसंबू नका.

लॅपटॉपसाठी आरएस-४२२ (०१८३ च्या विजेच्या खुणांचा प्रकार) ते यूएसबी अडॅप्टर घ्या, तोही आयसोलेटेड, म्हणजे दोन्ही बाजूंचा विजेचा थेट संबंध तोडणारा. इथे पैसे वाचवू नयेत. लॅपटॉपचा चार्जर इन्व्हर्टरवर किंवा जेटीच्या विजेवर असतो आणि प्लॉटर होडीच्या बॅटरीवर. साध्या अडॅप्टरमुळे दोघांचं अर्थिंग यूएसबीच्या वायरीतून एकत्र येतं. नशीब चांगलं असेल तर नुसता कचरा डेटा येतो, नाहीतर पोर्ट जळतो.

प्लॉटरची टीएक्स-ए अडॅप्टरच्या आरएक्स-ए ला आणि टीएक्स-बी आरएक्स-बी ला जोडा. तूर्त एवढंच. उरलेल्या दोन वायरींच्या टोकांना वेगवेगळी टेप लावून बाजूला बांधून ठेवा. ए-बी उलटे लागले तर पडद्यावर अगम्य अक्षरं येतात. नुकसान होत नाही, अदलाबदल करून पाहा. जुन्या यंत्राला पाठवणारी एकच वायर असेल तर ती आरएक्स-ए ला आणि त्याचं ग्राउंड आरएक्स-बी ला लावा. पण चार वायरींच्या प्लॉटरची टीएक्स-बी कधीही ग्राउंडला लावू नका, आतला ड्रायव्हर शॉर्ट होतो.

वायर कल्हई केलेल्या तांब्याची, पिळाच्या जोडीची घ्या. घरातली साधी वायर पिळून टेप गुंडाळलेला जोड खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात हिरवा पडतो आणि मग डेटा कधी येतो, कधी येत नाही. जोड क्रिम्प करून त्यावर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढवा. अडॅप्टरमध्ये शिरण्याआधी वायरीला खाली एक वळसा द्या, म्हणजे ओघळणारं पाणी तिथूनच टपकून जातं.

लॅपटॉपवर

अडॅप्टरचा ड्रायव्हर घाला, डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॉम पोर्टचा नंबर बघा. ओपनसीपीएनच्या ऑप्शन्समध्ये कनेक्शन्स उघडा, सिरियल प्रकारचं नवं कनेक्शन करा, तो पोर्ट निवडा. वेग ४८०० बॉड (डेटाच्या वेगाचं एकक) ठेवा. पोर्टवर एआयएसचा डेटा येत असेल तर ३८४००. प्लॉटरच्या मेनूतही तोच आकडा हवा. ४८०० बॉडला सेकंदाला ४८० अक्षरं जातात आणि एक वाक्य (०१८३ मधला एक संदेश) ८२ अक्षरांपर्यंत असू शकतं, म्हणजे पूर्ण लांबीची जेमतेम पाच-सहा वाक्यं. मुंबई बंदरासारख्या गजबजलेल्या पाण्यात एआयएसचा ओघ त्यात मावणार नाही. प्लॉटरच्या मेनूत आरएमसी (जागा आणि वेग), डीपीटी (खोली), एमडब्ल्यूव्ही (वारा) यांसारखी वाक्यं बाहेर पाठवायला चालू आहेत का, हेही पाहा. काही प्लॉटरवर ती मुळात बंदच असतात.

आलेला डेटा कच्च्या रूपात दाखवणारी खिडकी ओपनसीपीएनमध्ये आहे, ती उघडी ठेवा. अक्षांश १८५५.३० असा दिसला तर तो १८ अंश ५५.३० मिनिटं असा वाचायचा. गेटवे ऑफ इंडियाच्या आसपासचाच आकडा आहे हा. दशांश अंश समजून वाचाल तर गोंधळ होईल.

विंडोजवर एक विचित्र प्रकार घडतो आणि नवखा माणूस त्यात तासन् तास घालवतो. लॅपटॉप सुरू केला की माऊसचा बाण आपोआप उड्या मारतो, खिडक्या उघडतात, मिटतात. हा व्हायरस नव्हे. सुरू होतानाच पोर्टवर डेटा येत असतो आणि विंडोज त्याला जुना सिरियल माऊस समजतं. अडॅप्टर काढा, लॅपटॉप पूर्ण सुरू होऊ द्या, मग लावा. कायमचा उपाय म्हणजे असा उड्यांचा प्रकार चालू असतानाच डिव्हाइस मॅनेजरच्या माऊस विभागात दिसणारं मायक्रोसॉफ्ट सिरियल बॉलपॉइंट डिसेबल करणं. अनइन्स्टॉल केलं तर ते परत उगवतं.

पोर्ट उघडतच नसेल तर दुसरा कुठला प्रोग्राम तो धरून बसलाय. अडॅप्टर नेहमी त्याच यूएसबी खाचेत लावा, खाच बदलली की अनेकदा नंबरही बदलतो. लिनक्सवर आपला युजर डायलआउट ग्रुपमध्ये हवा.

एनएमईए २००० असेल तर

इथे सुट्या वायरी नाहीत, गेटवे, म्हणजे २००० चा डेटा यूएसबीवर आणणारा डबा, लागतो. अ‍ॅक्टिसेन्सचा एनजीटी-१ किंवा यॉट डिव्हाइसेसचा वायडीएनयू-०२ चालतो. मुख्य केबलमध्ये एक टी-जोड वाढवा आणि त्याला गेटवे लावा. मुख्य केबलपासून गेटवेपर्यंतच्या फाट्याची लांबी ६ मीटरच्या आत ठेवा. मुख्य केबलच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे टर्मिनेटर, म्हणजे टोक बंद करणारे रोध, असतात. जागा नाही म्हणून टर्मिनेटर काढून तिथे गेटवे लावणं ही नेहमीची चूक. वीज बंद करून पांढऱ्या आणि निळ्या वायरीमधला रोध मोजा. सुमारे ६० ओहम आला तर ठीक. १२० म्हणजे एक टर्मिनेटर गायब, ४० म्हणजे तीन लागलेत. ओपनसीपीएनला ५.८ आवृत्तीपासून हा डेटा थेट कळतो.

लॅपटॉपला बोलू देताना

आता अडॅप्टरच्या पाठवणाऱ्या वायरी प्लॉटरच्या आरएक्सला जोडा आणि कनेक्शनमध्ये आउटपुट चालू करा. फिल्टर लावून फक्त आरएमबी (पुढच्या टप्प्याची माहिती) आणि एपीबी (ऑटोपायलटसाठीची दिशा) ही दोनच वाक्यं बाहेर सोडा. फिल्टर नसेल तर प्लॉटरकडून आलेली जागा लॅपटॉपमार्गे पुन्हा प्लॉटरकडे जाते आणि पडद्यावरची होडी मागे-पुढे उडते.

ऑटोपायलट जोडलेला असेल तर एपीबीमधली दिशा खऱ्या उत्तरेची की होकायंत्राची, हे ओपनसीपीएन आणि ऑटोपायलट दोन्हीकडे सारखं ठेवा. मुंबई-गोव्याच्या किनाऱ्यावर दोन्हींतला फरक अगदी थोडा असल्याने ही चूक इथे कळतच नाही. गोव्याहून निघालेली नौदलाची शिडाची होडी तारिणी २०१७-१८ च्या पृथ्वीप्रदक्षिणेत केप टाऊनला थांबली होती. तिथे तोच फरक जवळपास २५ अंशांचा आहे. पहिली चाचणी मोकळ्या पाण्यात, दिवसा, हात सुकाणूवर ठेवूनच घ्या.

विजेचा हिशेबही करून ठेवा. ६५ वॅटचा लॅपटॉप पूर्ण भाराने चालला तर १२ व्होल्टवर साडेपाच अँपिअरच्या आसपास ओढतो. १०० अँपिअर-तासांच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीतले निम्मेच वापरायचे, म्हणजे बाकी सगळं बंद ठेवूनही नऊ तास. इन्व्हर्टरपेक्षा १२ व्होल्टवरचा यूएसबी-सी चार्जर बरा. तो लावल्यावर व्हीएचएफ रेडिओचा स्क्वेल्च (खरखर दाबणारी पातळी) खाली करून ऐका. खरखर वाढली तर चार्जर बदला. त्या खरखरीत दूरच्या होडीची हाक बुडून जाते.